चेल्टनहॅमचा शास्त्रार्थ

पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या, एवढं आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. ख्रिस्ती झाल्यावर दोन वर्षांच्या आतच त्या ज्यांनी दीक्षा दिली त्यांच्याशीच ख्रिस्ती धर्माच्या गाभ्यातल्या सिद्धांतावरून भांडायला उभ्या राहिल्या, हे फारसं कुणी सांगत नाही. मी जन्मभर मराठी शिकवलं. रमाबाईंवर मुलांकडून किती निबंध लिहून घेतले असतील! त्या सगळ्या निबंधांत केशवपनाला विरोध होता, शारदा सदन होतं, मुक्ती सदन होतं. हा वाद एकातही नव्हता, कारण तो मलाच माहीत नव्हता.

वाद त्रैक्याचा होता. देव एक, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा त्याच्या तीन व्यक्ती, तिघंही पूर्ण देव, तरी देव तीन नव्हेत, एकच. हा झाला सिद्धांत. रमाबाईंचं म्हणणं असं की हे बायबलात कुठे सांगितलंय ते दाखवा.

आमच्याकडच्या माणसाला हा प्रश्न अगदी घरचा वाटेल. सावरगाव जाम नदीच्या एका काठावर, पांढुर्णा दुसऱ्या काठावर; राज्य मध्य प्रदेश, बोली वऱ्हाडी वळणाची मराठी. माझ्या लहानपणी आजोबांच्या ओसरीवर पोथी लागायची. वाचणाऱ्यानं पदरचं काही घातलं की ऐकणाऱ्यांतलं कुणीतरी हमखास विचारायचं, "हे कुठल्या अध्यायात आहे, बावा?" त्यात उद्धटपणा कुणाला वाटत नसे. पोथी समोर आहे, पान उलटा आणि दाखवा. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे याच परंपरेतले, फक्त फार वरच्या पायरीवरचे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून जातभाईंनी जाब विचारला, तेव्हा त्यांनी धर्मग्रंथांतून आधार काढून दाखवले. पुढे आईनं, लक्ष्मीबाईंनी, रमाबाईंना शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक पाठ असलेली ही मुलगी आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरली. शब्दप्रमाण म्हणजे काय, हे तिला इंग्लंडात जाऊन शिकायचं नव्हतं.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. मराठी माणसापर्यंत त्रैक्य आधी पोहोचलं आणि बायबल नंतर. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. ओवीबद्ध, आपल्या पुराणांच्या थाटाचं, आणि मराठी किती गोड! त्यात देवपिता आहे, देवपुत्र आहे, सगळं आहे. पण ज्या ग्रंथावर हे उभं, तो नवा करार मराठीत यायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी तो १८११ साली छापला; वैजनाथ नावाचे पंडित त्यांच्या हाताशी होते. म्हणजे सासष्टीतल्या ख्रिस्ती माणसाच्या पिढ्यानपिढ्या अशा गेल्या की सिद्धांत तोंडपाठ आणि मूळ पोथी दृष्टीसही नाही. आधार विचारायची सोयच नव्हती.

सोय झाली तसा वाद सुरू झाला. १८३१ साली मुंबईत मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांची जाहीर चर्चा झाली. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी वाद घालत आणि माणसं ऐकायला गर्दी करत. या वादांत दोन बाजू ठरलेल्या: एक हिंदू, एक ख्रिस्ती. रमाबाईंचा वाद निराळा, कारण त्या वेळी त्या ख्रिस्ती होत्या आणि समोरचेही ख्रिस्तीच होते.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तोवर आईवडील, बहीण, भाऊ आणि नवरा अशी सगळी जवळची माणसं गेली होती. कडेवर लेक मनोरमा. डॉक्टर व्हायचं मनात होतं. ऐकू कमी येतं म्हणून तो बेत फसला. वाँटेजला सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन संघाच्या जोगिणी होत्या. पुण्यात पंचहौदाला काम करायच्या त्याच. त्यांच्याकडे राहून २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्यांचं मन वळवण्यात मोठा वाटा होता नीळकंठशास्त्री गोरे यांचा. हे चित्पावन पंडित जन्मले झाशीजवळ. आमच्यासारखेच मध्य हिंदुस्थानातले मराठी, म्हणून मला त्यांच्याविषयी उगाच जिव्हाळा. १८४८ साली ख्रिस्ती होऊन ते नेहेम्या गोरे झाले. ब्राह्मो समाजाला जे केवळ बुद्धीतून निघालेलं वाटतं, ते मुळात ख्रिस्ती शिकवणुकीतून आलेलं आहे, हा त्यांचा मुद्दा रमाबाईंना पटला. गंमत म्हणजे स्वतः गोऱ्यांना जन्मभर शंकांनी छळलं. पाद्री झाले, उत्तम ग्रंथ लिहिले, आणि तरी रात्री झोप नाही, असा हा माणूस.

वाँटेजला सिस्टर जेराल्डिन रमाबाईंच्या धर्ममाता झाल्या. पत्रांत त्यांना रमाबाई 'आजीबाई' म्हणतात. इंग्रजी पत्रात मधेच हा मराठी शब्द भेटला की फार बरं वाटतं. १८८४ साली रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथल्या मुख्य मिस डोरोथिया बील या बाई शिक्षणात मुरलेल्या, तत्त्वज्ञान वाचणाऱ्या. पुढचा सगळा वाद या तिघींचा: रमाबाई, आजीबाई आणि मिस बील. शिवाय दोन बिशप आणि वाँटेजच्या संघाचे संस्थापक कॅनन बटलर अधूनमधून येऊन जातात; त्यांचा सूर मला आवडत नाही, त्यांना इथे एवढीच जागा.

१८८५ साली रमाबाईंच्या पत्रांना धार येते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ईश्वर एकच, हे मला आधीच पटलेलं होतं. अनेक देवांना नमस्कार करण्यातून मी बाहेर आले, ती पुन्हा तिघांना नमस्कार करायला नव्हे. ख्रिस्त ईश्वरानं पाठवलेला, त्याची शिकवण मी मानते, त्याच्या नावानं बाप्तिस्मा घेतला. पण तोच जगाचा कर्ता ईश्वर आहे, हे मला शास्त्रात दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते केवळ चर्च म्हणतं म्हणून कबूल करायला मी बांधलेली नाही. मी ख्रिस्ताच्या मंडळीत आले. तुमच्या एका पंथाच्या सगळ्या कलमांवर मी सही केलेली नाही.

शेवटच्या मुद्द्यात वकिली धार आहे. नवरा वकील होता म्हणून नव्हे, बाईच तशी. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात बाप्तिस्म्याच्या वेळी ज्या मतांगीकाराला हो म्हणायचं असतं, तो आहे प्रेषितांचा. छोटा, साधा. पिता, पुत्र, आत्मा यांची नावं त्यात आहेत; तिघं एकतत्त्व कसे, याचा काथ्याकूट नाही. तो काथ्याकूट आहे अथनेशियसच्या नावावरच्या लांबलचक मतांगीकारात. प्रार्थनापुस्तकानुसार तो वर्षातल्या तेरा सणांना म्हणायचा आणि त्यात स्पष्ट बजावलेलं की हे न मानणाऱ्याचा नाश ठरलेला. रमाबाईंना हा शाप मान्य नव्हता. त्यांच्याबरोबरचे कितीतरी इंग्रज पाद्रीही त्या काळात तो मतांगीकार म्हणताना कुरकुरत होते. आणि तो अथनेशियसनं लिहिलेलाही नाही; त्याच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी कुणी पश्चिमेकडच्या माणसानं तो लॅटिनमध्ये रचला.

बरं, अँग्लिकन चर्चनं स्वतःच्या पायावर धोंडा आधीच पाडून घेतला होता. त्यांच्या एकोणचाळीस कलमांतलं आठवं कलम असं की हे दोन आणि आणखी एक असे तीनही मतांगीकार मानायचे, कारण पवित्र शास्त्रातून ते सिद्ध होतात. मग शास्त्र काढून दाखवा म्हणणाऱ्या बाईला गर्विष्ठ कसं म्हणता येईल? पण आजीबाईंनी तेच म्हटलं. नुकती बाप्तिस्मा घेतलेली, कालपरवा हिंदू असलेली बाई अठराशे वर्षांच्या चर्चला शिकवायला निघते, हा अहंकार नाही तर काय. त्यांच्या पत्रांत माया आहे, रात्रंदिवस काळजी आहे. पण रमाबाई अंडं खात नाहीत याचाही अर्थ त्या जातीचा अभिमान सुटला नाही असा लावतात. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नको, हे रमाबाईंनी विचारलं तेही त्यांना बोचलं. इथे मी रमाबाईंच्या बाजूची आहे, लपवत नाही.

मिस बील यांची गोष्ट वेगळी. त्यांनी रमाबाईंना विद्यार्थिनीसारखं दटावलं नाही. स्वतः शंकांतून गेलेली बाई असावी तशी त्या लिहितात: ईश्वराला प्रेमस्वरूप म्हणायचं तर त्याच्या ठायी प्रेम करणारा आणि प्रेमाचा विषय दोन्ही आधीपासून असले पाहिजेत, अशा वळणानं त्या समजावतात. आपल्या वेदान्तातल्या माणसाला हे बोलणं परकं वाटू नये. रमाबाईंना मात्र हे तत्त्वज्ञान नको होतं. तत्त्वज्ञान घरून निघतानाच पुष्कळ बरोबर आणलेलं होतं. त्यांना वचन हवं होतं.

आता वचनांकडे. मी ख्रिस्ती नाही. पण आमच्या शाळेत केरळकडच्या एक ख्रिस्ती बाई शिकवत. मधल्या सुटीत त्यांच्याकडे मी हाच विषय काढला. त्यांनी पर्समधून छोटं बायबल काढलं, मत्तयाच्या शुभवर्तमानाचं शेवटचं पान उघडलं आणि बोट ठेवलं: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं बाप्तिस्मा द्या, अशी येशूची आज्ञा. मग पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा शेवट, तिथेही तिघं एका ओळीत. मी विचारलं, तिघांची नावं आहेत. तिघं मिळून एक देव आणि तिघं सारखे, हे कुठे आहे? त्या हसल्या. म्हणाल्या, "ताई, ते सगळं मिळून वाचावं लागतं." घंटा झाली.

सगळं मिळून वाचलं तर काय मिळतं? योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच ओळीत शब्द देव होता असं येतं, आणि शेवटाकडे थोमा उठलेल्या येशूला माझा प्रभू, माझा देव म्हणतो. येशू त्याला टोकत नाही. हे फार वजनदार आहे. ज्यांना येशू नुसता संत वाटतो त्यांना या दोन जागा ओलांडून जाता येत नाहीत. पण त्याच योहानात येशू म्हणतो, पिता माझ्याहून मोठा आहे. सतराव्या अध्यायात तो प्रार्थना करताना पित्यालाच एकमेव खरा देव म्हणतो आणि स्वतःला त्यानं पाठवलेला. मार्कात तो सांगतो की शेवटची घटका पुत्रालाही ठाऊक नाही, फक्त पित्याला. मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर तो मोशेचंच वचन सांगतो: देव एकच. पवित्र आत्मा देव असल्याची वचनं तर आणखी विरळ.

आणि एक जागा अशी होती, जिथे सगळं स्वच्छ होतं. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, स्वर्गात साक्ष देणारे तिघं, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघं एक आहेत, असं जुन्या इंग्रजी बायबलात छापलेलं असे. एवढं एक वचन असतं तर रमाबाईंचं तोंड बंद झालं असतं. पण जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. इरॅस्मसनं १५१६ साली ग्रीक नवा करार छापला तेव्हा ते घेतलं नाही, १५१९ लाही नाही. ओरडा झाला, आणि एका हस्तलिखिताचा दाखला पुढे आल्यावर १५२२ च्या आवृत्तीत घेतलं. तिथून ते सगळ्या युरोपात पसरलं. इंग्लंडच्या विद्वानांनी सुधारलेला नवा करार १८८१ साली प्रसिद्ध केला आणि हे वचन काढून टाकलं. रमाबाई इंग्लंडला उतरल्या त्याच्या दोनच वर्षं आधी! आज बायबल सोसायटीच्या मराठी प्रतीत त्या जागी साक्ष देणारे तिघं आहेत ते आत्मा, पाणी आणि रक्त.

तेव्हा माझं मत असं. सिद्धांताचं सामान शास्त्रात आहे. बांधलेलं घर तिथे नाही. ते घर बांधलं निकियाच्या सभेनं ३२५ साली आणि कॉन्स्टँटिनोपलच्या सभेनं ३८१ साली. बांधताना पिता-पुत्र 'एकतत्त्व' आहेत हे सांगायला जो ग्रीक शब्द वापरला, तो शास्त्रात नाही, हे त्रैक्याची बाजू लढवणाऱ्या अथनेशियसलाही मान्य करावं लागलं. शब्द नसला तरी अर्थ आहे, हे त्याचं उत्तर. समोरच्या बाजूचे, एरियसचे लोकही वचनं काढूनच भांडत होते. दोन्हीकडे वचनं, म्हणून तर सभा भरवावी लागली. ख्रिस्ती माणसानं त्रैक्य मानावं, त्यात तर्काला सोडून काही नाही. पण ते मानताना तो सभेचाही शब्द मानत असतो, केवळ पोथीचा नाही. रमाबाईंनी नेमकी ही जागा हेरली होती. सुधारलेल्या ख्रिस्ती पंथानं पोपला सांगितलं की आम्ही शास्त्र सोडून कुणाचं ऐकणार नाही; रमाबाईंनी तेच वाक्य त्यांना परत ऐकवलं.

रमाबाई तिकडे हे भांडत होत्या त्याच वर्षी पुण्यात काय चाललं होतं पाहा. रमाबाई बाटल्या म्हणून इथे शिव्या चालूच होत्या. १८८५ सालीच जोतीराव फुल्यांनी 'सत्सार' काढून त्यांची बाजू घेतली, तीही त्या ख्रिस्ती झाल्या हे धरूनच. पुण्याला वाटत होतं बाईनं ख्रिस्ती धर्म सगळा गिळला. वाँटेजला वाटत होतं बाईनं काहीच गिळलं नाही. आमच्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवायचं, वर झेंडा, आणि सावरगाव-पांढुर्णा दोन्ही काठांवरून दगड. झेंडा काढायला पाण्यात उतरलेल्या माणसाला निदान एकाच काठाचे दगड लागतात.

मनोरमेवरूनही ओढाताण झाली. मूल वाँटेजला जोगिणींकडे होतं. तिला काय शिकवायचं हे आई ठरवणार, असं रमाबाईंनी बजावलं. चार वर्षांच्या पोरीला न कळणारी गूढं पाठ करून घेणं त्यांना पटत नव्हतं. धर्मवादातलं हे पान मला सगळ्यात माणसाचं वाटतं.

१८८६ साली रमाबाई आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतच राहिल्या. तिथे त्यांच्या कामासाठी १८८७ साली बॉस्टनला जी रमाबाई असोसिएशन निघाली, तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल. हे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्यांपैकी. पुढे १९०१ साली आपले विठ्ठल रामजी शिंदे प्रार्थनासमाजातून ऑक्सफर्डला शिकायला गेले तेही याच पंथाच्या कॉलेजात. एकेश्वरी मराठी माणसाची आणि या पंथाची सोयरीक अशी जुनी. रमाबाई मात्र त्या पंथात गेल्या नाहीत. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं ते कुठलाच धर्म न शिकवण्याच्या अटीवर.

नंतर त्यांचं मत पालटलं, हे लपवून उपयोग नाही. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या पाद्र्याचं आत्मचरित्र वाचून त्यांना आतून काही उमगलं. आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत सांगितलं. तिथून त्या ख्रिस्ताला देव म्हणून भजू लागल्या. मुक्तीच्या रमाबाई चेल्टनहॅमच्या रमाबाईंपेक्षा जास्त भाविक, कमी भांडखोर. काही अभ्यासकांना हे वाईट वाटतं. मला इतकंच दिसतं की जे मिस बील यांच्या युक्तिवादानं आणि आजीबाईंच्या अश्रूंनी झालं नाही, ते स्वतःच्या अनुभवानं झालं; नवं वचन सापडलं म्हणून नव्हे. म्हणजे १८८५ च्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही, प्रश्न विचारणारी पुढे निघून गेली.

मात्र एक सवय गेली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई आमच्या मध्यप्रांतात आल्या आणि उपाशी मुलींना घेऊन गेल्या. त्यांतून केडगावचं मुक्ती सदन वाढलं. तिथे आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणण्यात घालवली. पंडिती मराठी बाजूला ठेवली. शेतातल्या बाईला वाचता यावं असं सोपं लिहिलं. जुळणी-छपाई सदनातल्याच छापखान्यात, मुलीबायकांच्या हातून. मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. माणूस त्रैक्य मानू लागला की चर्चवर सोपवून मोकळा होतो, असं निदान या बाईच्या बाबतीत झालं नाही. मूळ भाषेत काय आहे ते बघूनच मग पुढे जायचं, हा अनंतशास्त्र्यांच्या घरचा हट्ट केडगावातही चालू राहिला.

हे सारं आपल्याला कळतं ते सिस्टर जेराल्डिनमुळे. रमाबाईंना गर्विष्ठ म्हणणाऱ्या याच आजीबाईंनी त्यांची पत्रं, स्वतःची पत्रं, बिशपांची, मिस बील यांची, सगळी जुळवून ठेवली. ज्यांत आपण हरतोय अशी पत्रंही फाडली नाहीत. अ. भि. शहांनी ती संपादित केली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९७७ साली छापली. आता मी मुलांना रमाबाई शिकवत असते तर पहिल्या दिवशी त्यांतलं एक पत्र वर्गात वाचून दाखवलं असतं आणि विचारलं असतं, बाई बरोबर की आजीबाई.